‘१०९९ वर घेऊ’ म्हणण्याआधी: कॅलिफोर्नियातल्या छोट्या मालकांसाठी दंडाचा सविस्तर हिशेब

कॅलिफोर्नियात कामगाराला पगारपत्रकावर न घेता १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदाराच्या करफॉर्मवर, ठेवलं, की प्रकरण अनेकदा वर्षानुवर्षं शांत राहतं. मग एक दिवस काम कमी होतं, त्या माणसाला घरी बसावं लागतं आणि तो बेकारी भत्त्यासाठी अर्ज करतो. राज्याचा रोजगार विभाग, म्हणजे ईडीडी, त्याच्या मागच्या तिमाह्यांचा पगार शोधतो आणि त्याच्या नावावर काहीच सापडत नाही. कामगार म्हणतो, ‘मी तिथे दोन वर्षं रोज जात होतो.’ तुमच्याकडे डोळे वळायला एवढं पुरतं. पुढचा प्रश्न फक्त त्याचा नसतो. तसेच आणखी किती जण आहेत आणि किती वर्षांपासून, हे तपासलं जातं.

बे एरिया असो की लॉस एंजेलिस, मराठी माणसांचे छोटे व्यवसाय तिथे बरेच आहेत: केटरिंग, डबे, घरगुती पाळणाघर, नृत्य-संगीताचे वर्ग, चार-पाच जणांची आयटी कन्सल्टन्सी. ‘सुरुवातीला १०९९ वर घेऊ, पुढे बघू’ हा सल्ला तिथे फार सहज दिला जातो. ज्या मालकांना हा सल्ला मिळाला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये आकडे आणि कसोट्या वेगळ्या.

आधी कसोटी लावा, करार नंतर बघा

२०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डायनामेक्स खटल्यात एबीसी कसोटी लागू केली. १ जानेवारी २०२० पासून एबी ५ या कायद्याने ती पक्की झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एबी २२५७ ने अपवादांची फेररचना केली. कसोटी राज्याच्या कामगार कायद्याच्या (लेबर कोड) कलम २७७५ मध्ये आहे. गृहीत असं की माणूस नोकरदार आहे. तो नाही हे मालकाने सिद्ध करायचं, आणि तिन्ही अटी एकाच वेळी.

पहिली अट, तो तुमच्या नियंत्रणाखाली आणि हुकुमाखाली काम करत नाही. दुसरी, त्याचं काम तुमच्या नेहमीच्या धंद्याच्या बाहेरचं आहे. तिसरी, त्या कामाचा त्याचा स्वतःचा स्वतंत्र, चालू व्यवसाय आहे.

बहुतेक छोटे मालक पहिल्या अटीवर वाद घालतात: ‘ती तिच्या वेळेला येते, मी काही सांगत नाही.’ खरं अडतं ते दुसऱ्या अटीवर. केटररकडे पोळ्या लाटणारी बाई केटररचाच धंदा करते. नृत्यशाळेत शिकवणारी शिक्षिका शाळेचाच धंदा करते. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीने क्लायंटकडे पाठवलेला डेव्हलपर म्हणजे तर त्या कन्सल्टन्सीचा धंदाच. त्या केटररच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर मात्र बाहेरचा. या एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं, की दहापैकी नऊ शंका मिटतात, असं आमचं मत आहे.

चार गोष्टींचा इथे उपयोग होत नाही: कामगाराने सही केलेला करार, ‘मलाच १०९९ हवं होतं’ हे त्याचं म्हणणं, आठवड्यातले थोडेच तास, आणि त्याची स्वतःची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी). एलएलसीसाठी व्यवसाय-ते-व्यवसाय असा अपवाद कलम २७७६ मध्ये आहे, पण त्याच्या बारा अटी आहेत आणि सगळ्या पुऱ्या व्हाव्या लागतात. त्याचे इतर ग्राहक असावेत, किंवा किमान असू शकावेत. लेखी करार असावा. शहराला लागत असेल तर व्यवसायाचा परवाना असावा, अशा त्या अटी. फक्त तुमच्यासाठी काढलेली एलएलसी इथे सहसा टिकत नाही.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनियर, अकाउंटंट अशा काही परवानाधारक व्यवसायांना वेगळी वाट आहे. त्यांना १९८९ च्या बोरेल्लो खटल्यातली जुनी, अनेक घटकांची कसोटी लागते. मराठी मंडळांना एक अपवाद नेमका कामाचा आहे. गणेशोत्सवात एकाच कार्यक्रमापुरता बोलावलेला गायक किंवा तबलजी एबीसीतून वगळला जाऊ शकतो. मात्र १,५०० हून जास्त प्रेक्षकांच्या सभागृहात तो मुख्य कलाकार असेल तर नाही. तोच तबलजी मंडळाच्या शाळेत दर शनिवारी शिकवत असेल, तर त्या शिकवण्याला हा अपवाद लागत नाही.

घरची माणसं

इथे गैरसमज फार. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात नवरा किंवा बायको, आई-वडील आणि १८ वर्षांखालची मुलं काम करत असतील, तर त्यांच्या पगारावर बेकारी विमा, प्रशिक्षण कर आणि राज्याचा अपंगत्व विमा लागत नाही. मेहुणा, भाची, वहिनी, एकवीस वर्षांचा मुलगा हे या यादीत नाहीत. आणि तुम्ही कॉर्पोरेशन काढली असेल, तर ही सवलत कोणालाच नाही, बायकोलाही नाही. कॉर्पोरेशनचे पगार घेणारे अधिकारी कायद्याने नोकरदारच असतात, मग सगळे शेअर त्यांचेच का असेनात.

नोंदणी: किती डॉलरला, किती दिवसांत

एका तिमाहीत १०० डॉलरपेक्षा जास्त पगार दिला, की १५ दिवसांत ईडीडीकडे मालक म्हणून नोंदणी करायची. ती ऑनलाइन होते. घरकामासाठी, म्हणजे मूल सांभाळणारी, स्वयंपाक करणारी, ज्येष्ठांची देखभाल करणारी व्यक्ती ठेवली असेल, तर मर्यादा वेगळी: तिमाहीत रोख ७५० डॉलर झाले की नोंदणी आणि अपंगत्व विमा, १,००० झाले की बेकारी विमा आणि प्रशिक्षण करही.

नवा माणूस रुजू झाल्यापासून २० दिवसांत त्याची माहिती देणारा ईडीडीचा फॉर्म, डीई ३४, भरायचा. खऱ्या स्वतंत्र कंत्राटदाराला ६०० डॉलर दिले किंवा तेवढ्याचा करार केला, तर २० दिवसांत डीई ५४२. हा दुसरा फॉर्म पुष्कळांना माहीतच नसतो. दोन्हींसाठी चुकवल्यास दंड छोटा, माणशी २४ डॉलर. पण मालक आणि कामगाराने संगनमताने माहिती दडवली असेल तर ४९०. मग दर तिमाहीला कर आणि पगाराची पत्रकं, म्हणजे डीई ९ आणि डीई ९सी, मुदत ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी.

वाचतं किती, जातं किती

आता आकड्यांकडे या, कारण निर्णय इथेच होतो. वर्षाला ३०,००० डॉलर घेणारी एक मदतनीस धरा, वर्ष २०२५. नव्या मालकाचा बेकारी विम्याचा दर ३.४ टक्के, तोही फक्त पहिल्या ७,००० डॉलरवर: २३८ डॉलर. प्रशिक्षण कर ०.१ टक्का: ७ डॉलर. अपंगत्व विमा १.२ टक्के: ३६० डॉलर. हा शेवटचा खरं तर कामगाराच्या पगारातून कापायचा असतो, आणि २०२४ पासून त्याला पगाराची कमाल मर्यादा राहिलेली नाही. म्हणजे राज्याकडे मालकाच्या खिशातून जायचे होते वर्षाला २४५ डॉलर. यात केंद्राच्या सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा वाटा ७.६५ टक्के, म्हणजे २,२९५ डॉलर, केंद्राचा छोटासा बेकारी कर आणि कामगार भरपाई विम्याचा हप्ता मिळवा. ‘बचत’ एवढीच.

समोर काय आहे ते बघा. जाणूनबुजून चुकीचं वर्गीकरण केल्याचं ठरलं, तर कामगार कलम २२६.८ नुसार प्रत्येक उल्लंघनाला ५,००० ते १५,००० डॉलर. ही तुमची रीतच होती असं दिसलं तर १०,००० ते २५,०००. चार मदतनीस म्हणजे चार उल्लंघनं धरली, तर खालची पायरीच २०,००० डॉलरची. शिवाय हे उल्लंघन केल्याची, अधिकाऱ्याच्या सहीची सूचना वर्षभर आपल्या वेबसाइटवर लावावी लागते; वेबसाइट नसेल तर कामगारांना आणि लोकांना दिसेल अशा जागी. एकमेकांच्या शब्दावर चालणाऱ्या छोट्या समाजात त्या सूचनेचं नुकसान दंडापेक्षा मोठं असू शकतं.

ईडीडीची बाजू वेगळी चालते आणि वरच्या दंडात मिळवली जाते. उशिरा भरलेल्या रकमेवर १५ टक्के आणि व्याज. पगारपत्रकात न दाखवलेल्या प्रत्येक कामगारामागे दर तिमाहीला २० डॉलर. निष्काळजीपणा ठरला तर आणखी वेगळा दंड, फसवणूक किंवा कर चुकवण्याचा हेतू ठरला तर ५० टक्के. पैसे दिले पण १०९९ सुद्धा भरला नाही, तर राज्याच्या बेकारी विमा कायद्याचं कलम १३०५२.५ लागतं: न दाखवलेल्या रकमेवर राज्याच्या आयकराच्या कमाल दराने दंड. रोखीत पगार देणाऱ्यांना सगळ्यात जास्त हेच कलम बसतं, कारण इथे टक्का कराच्या रकमेवर नाही, दिलेल्या सगळ्या पैशांवर लागतो. आणि न कापलेला अपंगत्व विमा व आयकर आता मालकाकडूनच मागितला जातो. कामगाराने त्या उत्पन्नावर स्वतः कर भरला होता असं दाखवता आलं, तर आयकराचा भाग कमी होतो. म्हणून जुन्या कामगारांशी संबंध तोडू नका, त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र पुढे लागतं.

केंद्राच्या कर खात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे, कलम ३५०९ आहे. १०९९ वेळेवर भरला असेल तर पगाराच्या १.५ टक्के, कामगाराच्या वाट्याच्या २० टक्के आणि मालकाचा पूर्ण वाटा, मिळून १०.६८ टक्के. वरच्या उदाहरणात ३,२०४ डॉलर. १०९९ भरलाच नसेल तर १३.७१ टक्के, ४,११३ डॉलर. मुद्दाम केलं असेल तर ही सवलतीची सूत्रंही मिळत नाहीत.

याशिवाय कामगार आयुक्तांकडे दावा होऊ शकतो: दिवसाच्या आठ तासांवरचा ओव्हरटाइम, जेवणाची सुट्टी न दिल्याबद्दल रोज एका तासाचा पगार, स्वतःच्या गाडीचं पेट्रोल, पगारपावती न दिल्याबद्दल ४,००० डॉलरपर्यंत, आणि काम सोडताना पूर्ण पैसे न दिल्याबद्दल ३० दिवसांपर्यंतचा रोजचा पगार. कामगार भरपाई विमा नसेल तर काम थांबवण्याचा आदेश येतो आणि माणशी १,५०० डॉलर लागतात. हे कामगाराच्या व्हिसावर अवलंबून नाही. कामाची परवानगी नसलेल्या माणसालाही किमान वेतनाचा कायदा लागतो, आणि ‘इमिग्रेशनला कळवीन’ अशी धमकी देणं हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरतो.

कॉर्पोरेशनच्या आड लपता येईल असं समजू नका. जाणूनबुजून न भरलेल्या रकमेसाठी कारभार बघणारा अधिकारी बेकारी विमा कायद्याच्या कलम १७३५ नुसार व्यक्तिशः जबाबदार धरला जातो. कर चुकवण्याच्या हेतूने पत्रकं न भरणं किंवा कापलेले पैसे न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्यात २०,००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास दोन्ही येतात.

मागची वर्षं दुरुस्त कशी करायची

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आयआरएसचा ऐच्छिक दुरुस्तीचा कार्यक्रम आहे, व्हीसीएसपी. त्यात कलम ३५०९ प्रमाणे शेवटच्या एका वर्षाची जी रक्कम निघते, तिच्या फक्त १० टक्के भरायचे. आपल्या उदाहरणात ३२० डॉलर, आणि केंद्राच्या रोजगार कराचे मागचे दावे बंद. अटी अशा की मागच्या तीन वर्षांचे १०९९ भरलेले असावेत, त्या माणसांना सातत्याने कंत्राटदारच मानलेलं असावं, आणि वर्गीकरणाची तपासणी चालू नसावी. आयआरएसची नाही, केंद्रीय कामगार खात्याची नाही आणि राज्याचीही नाही. ईडीडीचं तपासणीचं पत्र आल्यावर ही वाट बंद होते. म्हणून आधी फॉर्म ८९५२ भरून केंद्राचं निस्तरायचं, आणि लगेच पाठोपाठ राज्याचं.

राज्याकडे अशी स्वस्त योजना नाही. राहिलेल्या तिमाह्यांचे डीई ९ आणि ९सी भरा. पत्रकं भरली होती पण माणसं त्यात नव्हती, तर दुरुस्तीचा फॉर्म डीई ९एडीजे. १५ टक्के आणि व्याज लागेल, पण आपणहून भरलेल्या पत्रकाला फसवणुकीचे ५० टक्के लावणं अवघड जातं. शिवाय मुदतीचं घड्याळ सुरू होतं. पत्रक भरलं असेल तर ईडीडीला साधारण तीन वर्षं मागे जाता येतं, भरलंच नसेल तर आठ, आणि फसवणुकीला मुदतच नाही.

खरोखर शंका असेल तर डीई १८७० भरून ईडीडीकडूनच लेखी निर्णय मागता येतो. मात्र उत्तर आधीच माहीत असेल, तर वेळ काढण्यासाठी हा फॉर्म भरू नका. दिलेली माहिती तुमच्याच सहीची असते.

भत्त्याची नोटीस आली की

कामगाराने अर्ज केला की डीई ११०१सीझेड हे पत्र येतं. टपालाच्या तारखेपासून १० दिवसांत उत्तर द्यायचं. उशीर झाला, तर भत्त्याचा बोजा आपल्या खात्यावरून काढून घेण्याचा हक्क जातो, आणि पुढच्या वर्षांचा विम्याचा दर चढतो. कमाल दर ६.२ टक्के आहे. पत्रावरचं नाव तुमच्याकडे कधी नसलेल्या माणसाचं असेल, तर कोणीतरी ओळख चोरून अर्ज केला आहे. तसं लगेच कळवा, पत्र बाजूला टाकू नका.

उत्तरात शेवटचा दिवस, कारण आणि घटना तारखेसह लिहा. ‘वागणूक बरी नव्हती’ याला अर्थ नाही. ‘१२ आणि १९ तारखेला न कळवता गैरहजर, १९ ला लेखी ताकीद’ याला आहे.

कारणाबद्दल खोटं लिहिलं तर बेकारी विमा कायद्याच्या कलम ११४२ नुसार त्या कामगाराच्या आठवड्याच्या भत्त्याच्या दुप्पट ते दहापट दंड होतो. कमाल भत्ता आठवड्याला ४५० डॉलर, म्हणजे ९०० ते ४,५०० डॉलर. काम नाही म्हणून काढलेल्याला ‘स्वतः सोडून गेली’ लिहिणं तर खोटं आहेच. पण उलटही तितकंच: ती स्वतः सोडून गेली, आणि तिला भत्ता मिळावा म्हणून तुम्ही ‘काम नव्हतं’ लिहिलंत. मनात चांगुलपणा असतो, ओळखीचं कुटुंब असतं, तरी सही खोट्यावरच होते.

याहून घातक प्रकार म्हणजे, ‘भत्ता घेत राहा, मी रोख देतो.’ यात मालक पगार दडवतो आणि कामगार भत्ता लाटतो. कामगाराला सगळी रक्कम परत, वर ३० टक्के दंड आणि ५ ते २३ आठवडे भत्त्याला बंदी. मालकाला वर सांगितलेलं सगळं, आणि फौजदारी. कामाला न आलेल्या नातेवाइकाला काही तिमाह्या पगारपत्रकावर दाखवून मग ‘कमी केलं’ म्हणणं याच वर्गातलं.

असं करायची गरजही नसते, म्हणूनच हे जास्त बोचतं. कमी तास काम करूनही भत्ता मिळतो. आठवड्याच्या कमाईतले २५ डॉलर किंवा २५ टक्के, जे जास्त असेल ते, सोडून उरलेलं भत्त्यातून वजा होतं. २०० डॉलर मिळवले तर १५० वजा, आणि ४५० चा भत्ता ३०० उरतो. हातात एकूण ५००. मालकासाठी वर्क शेअरिंग नावाची योजना आहे: कोणालाही न काढता तास आणि पगार १० ते ६० टक्के कमी करायचे, आणि त्या प्रमाणात कामगारांना भत्ता. किमान दोन माणसं आणि एकूण कामगारांपैकी किंवा एखाद्या विभागापैकी किमान १० टक्के त्यात हवीत. सणांचा हंगाम संपल्यावर रिकामे पडणाऱ्या केटररला ही योजना चपखल बसते.

विम्याचा दर चढला म्हणून नवी कंपनी काढून कामगार तिच्यात हलवण्याचा सल्लाही कोणी देईल. त्याला दंड म्हणजे कमाल दरावर आणखी २ टक्के, त्या वर्षी आणि पुढची तीन वर्षं.

तपासणीचं पत्र आलं तर

ईडीडीचा तपासनीस चेकबुकाच्या नोंदी, बँकेची विवरणं, खातेवही, १०९९, केंद्राचं करपत्रक आणि कामगारांची बिलं मागतो. मागच्या तारखेचे करार बनवू नका, कामगारांना काय सांगायचं ते शिकवू नका. १५ टक्क्यांचं प्रकरण ५० टक्क्यांवर जातं ते इथे. तक्रार करणाऱ्याचे तास कापले किंवा त्याला काढलं, तर सूड म्हणून माणशी १०,००० डॉलरपर्यंत वेगळा दंड.

आकारणीची नोटीस आली की ३० दिवसांत बेकारी विमा अपील मंडळाकडे लेखी याचिका द्यायची. तारीख चुकली तर रक्कम अंतिम होते, मग बँक खात्यावर जप्ती आणि मालमत्तेवर बोजा येऊ शकतो. याचिका दाखल असेल तर ईडीडीच्या तडजोड कार्यालयाकडे प्रस्ताव देता येतो. रक्कम मोठी असेल तर सुनावणीच्या आधीच कर आणि रोजगार या दोन्हींत काम करणारा वकील गाठा.

अकाउंटंटबद्दल एक गोष्ट. कामगाराला कंत्राटदार दाखवून नोकरदाराचा दर्जा टाळा, असा सल्ला पैसे घेऊन आणि समजून-उमजून देणारा सल्लागार कामगार कायद्याच्या कलम २७५३ नुसार मालकाबरोबर जबाबदार ठरतो. वकील आणि मालकाचे स्वतःचे कर्मचारी यांनाच त्यातून सूट आहे. म्हणून ‘सगळे असंच करतात’ म्हणणाऱ्या सल्लागाराला ईमेल करा, तीन अटींपैकी प्रत्येकीत तुमचा कामगार का बसतो ते लेखी विचारा, आणि उत्तर पगाराच्या कागदांबरोबर किमान चार वर्षं जपून ठेवा. उत्तर आलंच नाही, तर त्या कामगाराचं नाव पुढच्या डीई ९सी मध्ये घाला.